मॉलमध्ये काहीच न घेता

नाशिकमध्ये पत्ता सांगताना ‘सिटी सेंटर मॉलचा सिग्नल’ एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. उंटवाडी, लवाटे नगर, संभाजी चौक ही नावं अजून आहेत, पाट्यांवर आहेत, जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. पण नाशिकच्या सिडको वसाहतीतून कॉलेज रोडला क्लासला जाणाऱ्या पोरांना ती समजावून सांगावी लागतात. एका इमारतीनं आजूबाजूच्या दोन-तीन वस्त्यांची ओळख स्वतःकडे ओढून घेतली, आणि हे आमच्या डोळ्यांदेखत झालं.

माझ्याकडे तिथले दोन फोटो आहेत. पहिला मॉल नवा असतानाचा, छोट्या डिजिटल कॅमेऱ्यानं काढून स्टुडिओतून प्रिंट करून आणलेला. त्यात माझ्या वडिलांनी, अण्णांनी सफारी घातलाय. मायको कारखान्यातून निवृत्त होताना शिवलेला तो सफारी एरवी फक्त लग्नकार्याला कपाटाबाहेर यायचा. आईच्या अंगावर नारायणपेठ आहे, केसांत गजरा आहे. माझी लेक अण्णांच्या कडेवर. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय, आणि मागची अनोळखी माणसंही तशीच नटूनथटून उभी आहेत; त्यांचाही कुणीतरी फोटो काढतंय. दुसरा फोटो यंदाच्या उन्हाळ्यातला, फोनमधला. आई पंजाबी ड्रेस आणि बूट घालून चालतेय. लेकीच्या कानात इअरफोन. मागची माणसं घरातल्याच टी-शर्टवर, पायात स्लीपर. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. अण्णा या फोटोत नाहीत.

दोन्ही फोटोंत चारी बाजूंना दुकानं आहेत, आणि दोन्हींत आमच्या हातात एकही पिशवी नाही.

मॉलविषयी आपल्याकडे जे बोललं गेलं ते बहुतेक खरेदीविषयी होतं. चंगळवाद वाढेल, छोटे दुकानदार मरतील, पोरं बिघडतील. ही काळजी खोटी नव्हती. पण आमच्यासारखी घरं तिथे गेली ती खरेदीला गेलीच नाहीत. मग कशाला गेली, हे नीट कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगते.

अण्णा निफाड तालुक्यातले. सातपूरला मायकोत चिकटले, सिडकोत घर मिळालं, आणि त्या घराचे हप्ते फेडत उमेदीची वर्षं गेली. सिडकोत तेव्हा पत्ता विचारला तर ‘पहिली स्कीम’, ‘दुसरी स्कीम’ असं उत्तर मिळायचं. स्कीमच्या घराला पुढे एक खोली वाढवायची, मग वर एक मजला चढवायचा, हाच प्रत्येक घराचा इतिहास. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली, अंबडचे कारखाने वाढले, आणि शहर नुसतं वाढत सुटलं. २००१ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १० लाख ७७ हजार होती, २०११ ला ती १४ लाख ८६ हजार झाली. दहा वर्षांत चार लाख माणसं वाढली. त्यांना घरं मिळाली, शाळा मिळाल्या, कमी-जास्त पाणी मिळालं. संध्याकाळी टेकायला जागा मात्र त्या हिशेबात कुणी धरलीच नव्हती.

जुन्या नाशकात ही अडचण नव्हती. माझं आजोळ तिवंध्याजवळ. तिथे वाड्याला ओटा होता, गल्लीच्या टोकाला देऊळ, देवळाला सभामंडप, आणि चार पावलं उतारावर गेलं की गोदेचा घाट. आजी संध्याकाळी पदर डोक्यावर घेऊन घाटावर जायची आणि दिवेलागणीनंतर परत यायची. दोन तास ती कुठे होती, कुणाशी बोलली, काय विकत घेतलं, असं कुणी विचारत नसे. तिचं तिथे बसणं कुणाला खटकत नव्हतं. सिडकोत आल्यावर आईला असं ठिकाण उरलं नाही. चौकात पानटपरी होती, तिथे पुरुष उभे राहत. मंदिर होतं, पण तिथे आरती झाली की निघायचं. बाईनं बाहेर असायचं ते काहीतरी कामासाठी: भाजी, दळण, पोरांची शाळा, रेशन. काम संपलं की घर.

आणि खरेदीसाठी म्हणून मेन रोडला जायचं तेव्हा आई घरातून निघताना पाणी प्यायची नाही. सकाळचा चहासुद्धा अर्धाच. मला लहानपणी याचं कारण कळत नसे. शालीमारला बसमधून उतरायचं, मेन रोड, भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपुलापर्यंत सगळं पायी हिंडायचं, चार-पाच तास मोडायचे, आणि या सगळ्या वाटेवर बाईमाणसाला जाता येईल असं एकही स्वच्छ ठिकाण आम्हाला ठाऊक नव्हतं. सायंतारामध्ये साबुदाणा वडा खाल्ला तरी ती पाण्याचा ग्लास ओठांना लावून खाली ठेवायची. मला न्हाण आल्यावर मीही तसंच करायला लागले. कुणी शिकवलं नाही, कुणी बोललं नाही. मैत्रिणींना विचारलं तर त्यांच्याही आया तेच करत होत्या. सबंध शहराच्या बायका तहान मारून बाजार करत होत्या, आणि बाजाराचं कौतुक करणाऱ्या एकाही लेखात मला हे वाचायला मिळालं नाही.

मॉल झाल्यावर पहिल्या खेपेला आईनं काय पाहिलं? दुकानं नाहीत. ती बाथरूमला गेली, आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. “अगं, आत आरसा आहे, साबण आहे, आणि एक बाई सारखी पुसत असते,” ती म्हणाली. मग तिनं खाली येऊन पाण्याची बाटली घेतली आणि उभ्या उभ्या अर्धी संपवली. आमची त्या दिवसाची खरेदी म्हणाल तर ती बाटली आणि कपातला वाफवलेला मका. तो मका त्या काळात फार चालायचा. बटर, मीठ, लिंबू, तिखट टाकून प्लॅस्टिकच्या चमच्यानं खायचा.

सरकत्या जिन्याची गंमत सगळ्यांनाच आठवत असेल. जिन्याच्या पायथ्याशी गर्दी व्हायची, कारण अर्धी माणसं पाय टाकायला घाबरायची. साडीवाल्या बायकांना निऱ्या अडकायची भीती. एक तरुण गार्ड तिथे उभा असायचा, गावाकडचाच असावा. तो प्रत्येकीला सांगायचा, “आज्जी, खाली बघू नका, समोर बघा, पाय टाका.” आईनं एका हातात निऱ्या धरल्या, दुसऱ्या हातानं माझा दंड धरला आणि पाय टाकला. वर पोचल्यावर ती हसली, मग म्हणाली, परत खाली जाऊ. आम्ही तो जिना पुन्हा पुन्हा चढलो-उतरलो. लेकीपेक्षा आईलाच जास्त मजा येत होती. अण्णा वरच्या कठड्याला टेकून आमच्याकडे बघत राहिले. कामगार माणूस, त्यांना जिन्याची मोटर कुठे असेल, साखळी कशी फिरत असेल, याचंच कुतूहल. घरी आल्यावर त्यांनी कागदावर काढून दाखवलं.

व्हिक्टर ग्रुएन हे नाव मला फार नंतर वाचायला मिळालं. व्हिएन्नात जन्मलेला ज्यू वास्तुरचनाकार, नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेलेला. १९५६ साली मिनेसोटा राज्यातल्या एडायना गावात त्यानं साउथडेल नावाचं बाजारसंकुल उभं केलं. वरून पूर्ण झाकलेला, आत थंडी-ऊन न लागणारा असा आजच्या मॉलचा तो मूळपुरुष मानतात. त्याच्या मनात दुकानं विकणं एवढंच नव्हतं. अमेरिकी उपनगरात माणसं घर आणि गाडी यांतच अडकली आहेत, त्यांना व्हिएन्नासारखा एक चौक हवा, जिथे चालता येईल, बसता येईल, ओळखी होतील, असं त्याला वाटत होतं. म्हणून मधोमध झाडं, कारंजं, पक्ष्यांचा पिंजरा. त्याच्या आराखड्यात भोवती घरं, दवाखाने, शाळाही होत्या. त्या झाल्या नाहीत. दुकानं आणि पार्किंग तेवढं झालं. आयुष्याच्या शेवटी शेवटी त्यानं या मॉलांचं पितृत्व साफ नाकारलं. मला त्या माणसाविषयी आपुलकी वाटते. त्याला हवा होता तो चौक दुकानांच्या गर्दीत हरवला, पण पुरता नाही. सिडकोतल्या एका बाईला त्याचा एक तुकडा मिळाला होता.

हा चौक सगळ्यांचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. १९९९ मध्ये मुंबईत ताडदेवला क्रॉसरोड्स उघडलं, तेव्हा बघ्यांची एवढी गर्दी लोटली की काही काळ आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा, असा नियम आला होता. आमच्याकडे असा नियम नव्हता. पण नियमाची गरजही पडत नाही. एका मॉलच्या दाराशी मी एक कुटुंब पाहिलं होतं. पेठ-सुरगाण्याकडचं असावं, बांधकामावर आलेलं. बाप, आई, दोन मुलं, बाईच्या काखेत बोचकं. गार्डनं त्यांना अडवलं नाही. त्यानं फक्त त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती माणसं काचेच्या दारापाशी क्षणभर थबकून आपली आपणच मागे वळली. धाकटा पोरगा मान वळवून आत बघत राहिला. अशा इमारतींच्या विटा, वाळू, फरशा ज्यांनी डोक्यावरून वाहिल्या, त्यांच्यातलंच ते घर. मी त्यांना हाक मारून सोबत आत नेऊ शकले असते. तेव्हा सुचलं नाही. आजही तो पोरगा आठवतो.

आणि बाजारालाही दार लागू शकतं हे नाशिकनं एकदा पाहिलंय. मार्च २०२१ च्या अखेरीस कोरोनाची दुसरी लाट चढत होती, तेव्हा गर्दी आटोक्यात ठेवायला शहरातल्या मुख्य बाजारपेठेत शिरताना माणशी ५ रुपयांची पावती फाडायची आणि तासाभरात बाहेर पडायचं, असा नियम झाला. जास्त वेळ रेंगाळलं तर ५०० रुपये दंड. कारण समजण्यासारखं होतं. तरी मेन रोडच्या तोंडाशी बांबूचे अडथळे आणि हातात पावती, हे चित्र बघून अण्णा फार बेचैन झाले होते. “बाजारात जायला तिकीट?” एवढंच म्हणाले.

त्या काळात मॉल दोनदा मिटला. २०२० च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत, आणि पुन्हा पुढच्या वर्षी. १५ ऑगस्ट २०२१ नंतर उघडला तो लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी. आईनं फोनमध्ये प्रमाणपत्र डाउनलोड करून घेतलं, वर त्याची झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवली. मला वाटलं होतं की तिला घाटाची, देवळाची ओढ लागली असेल. ती लागली होतीच. पण पहिली जी जागा तिनं मागितली ती मॉल होती.

याचं कारण तिचे गुडघे. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसरा कुरकुरतो. डॉक्टर सांगतात, रोज चाला. चालायचं कुठे? आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे, पण तो दर वीस पावलांवर उतरतो, चढतो. मधेच झाकण नसलेलं चेंबर, मधेच लावलेली दुचाकी, मधेच कुणाच्या दुकानाची पायरी. जॉगिंग ट्रॅक आहेत, तिथे सकाळी माणसं पळत असतात आणि आईला धक्क्याची भीती वाटते. मॉलची फरशी सपाट आहे. लिफ्ट आहे. दुपारी अकरा-बाराला गर्दी नसते. एप्रिल-मेच्या उन्हात तर तिथल्यासारखी थंडावलेली जागा आमच्या घरात नाही. पूर्वी नाशिकची हवा म्हणजे मुंबईकरांना हेवा वाटावी अशी. आता उन्हाळ्यात कूलर लावूनही दुपार निभत नाही. तेव्हा आई मॉलमध्ये चालते. तिच्यासारखे आणखी काही आहेत. निवृत्त शिक्षक, प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ. एकमेकांना नमस्कार करतात, एक फेरी मारून कठड्याला टेकतात. ज्या सरकत्या जिन्याला ती घाबरली होती त्याच्याकडे आता ती बघतही नाही. खालून वर, वरून खाली, बोलत बोलत.

मॉल स्वतःही बदलला. थिएटरवरची सिनेमॅक्सची पाटी जाऊन पीव्हीआरची आली. देशभर बिग बझारच्या जागी २०२२ नंतर स्मार्ट बझार दिसायला लागलं. कपड्यांच्या दुकानात मुली कपडा अंगाला लावून आरशात बघतात, फोनवर तोच स्वस्त कुठे मिळतो ते शोधतात आणि घरी बसून मागवतात. म्हणजे काही न घेता हिंडणारे आता आम्ही एकटे राहिलो नाही. अशा वेळी मॉलवाल्यांचं गणित अवघड होणारच, आणि त्याचा पहिला घाव कुठल्याही मॉलमध्ये मधल्या मोकळ्या जागेवर पडतो. तिथे मोबाइल कव्हरचं टेबल येतं, अत्तराचं येतं, मुलांच्या भाड्यानं मिळणाऱ्या गाड्या येतात. जागेच्या प्रत्येक फुटाला भाडं असतं आणि बाकाला ते मिळत नाही. हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांनी कुणाला ओटा देण्याचा वायदा केला नव्हता.

आणि जो बाजार मरेल असं सांगत होते तो मेला नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मेन रोडला पाऊल ठेवून बघावं. रविवार कारंजापासून पुढे माणसांच्या अंगावर माणसं. सराफ बाजारात चांदीची ताटवाटी, पैंजण, लग्नाचे दागिने. भांडी बाजारात तांब्याचे हंडे अजून वजनावर विकले जातात. साडीच्या दुकानात गादीवर बसवून पन्नास साड्या उलगडून दाखवणारा माणूस मॉलमध्ये भेटत नाही. बुधवारचा बाजार गोदेच्या काठी भरतोच आहे. मार खाल्ला तो एकपडदा थिएटरांनी. सर्कल, विकास, हेमलता, मधुकर, दामोदर ही नावं घेतली की आमच्या पिढीला बायकांची वेगळी रांग, मध्यंतरातला समोसा आणि डोक्यावर गरगरणारे पंखे आठवतात. दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात, ज्या गावात त्यांनी हिंदुस्थान फिल्म कंपनी चालवली त्या गावात, पडद्यांनी मान टाकावी याचं मला अण्णांपेक्षा जास्त वाईट वाटतं. अण्णा म्हणायचे, मल्टिप्लेक्सची खुर्ची पाठीला बरी.

आता उंटवाडीतलीच दुसरी जागा. मॉलपासून लांब नाही. तिथे म्हसोबा महाराजांचं ठाणं आहे आणि वड आहे, दोनशे वर्षांचा असं सगळे सांगतात. त्याच्या पारंब्या एवढ्या उतरल्या आहेत की मूळ खोड कुठलं ते शोधावं लागतं. मायको सर्कल ते त्रिमूर्ती चौक असा उड्डाणपूल होणार म्हणून शेकडो झाडांबरोबर या वडावरही गंडांतर आलं होतं. शहरातली माणसं उठली. हरकती नोंदवल्या, झाडाखाली जमली. प्रकरण तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांच्यापर्यंत गेलं. वड वाचला. त्या दिवसांत अण्णाही मित्रांबरोबर तिथे जाऊन उभे राहिले होते. त्यांनी आयुष्यात मायकोच्या संपाशिवाय दुसऱ्या कशासाठी असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

मॉल बंद पडायची वेळ आली तर त्याच्या दाराशी कुणी असं उभं राहणार नाही. माझी आईसुद्धा नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, वड आपला आहे, मॉल त्यांचा आहे. मला हे पटतं आणि तरी पुरतं पटत नाही. कारण तिच्या गुडघ्यांना, तिच्या तहानेला, तिच्या दुपारीला आधार दिला तो त्या परक्या जागेनं. वडाखाली सावली आहे, पार आहे, थंडावा आहे, पण तिथेही बाईमाणसाला तासाभराहून जास्त बसायचं तर पुन्हा तीच पाण्याची पंचाईत.

आता २०२७ च्या कुंभमेळ्याची तयारी चालू आहे. रस्ते रुंद होतील, पूल होतील, घाट वाढतील, रंगरंगोटी होईल. लाखो बायका येतील, डोक्यावर गाठोडी घेऊन मैलोन्‌मैल चालतील. त्यांच्यासाठी जे काही बांधलं जाईल त्यातलं थोडं पर्वणी झाल्यावरही तसंच राहू द्यावं, असं मला फार वाटतं. शालीमारला एक, दहीपुलाजवळ एक, नासर्डीच्या काठाला एक. रोज धुतलं जाणारं बाथरूम, त्यात नळाला पाणी आणि दाराला कडी. जवळ चार बाकं, पाठ टेकता येतील अशी. त्यापर्यंत पोचायला न तुटलेला फुटपाथ. एवढ्यासाठी एअर कंडिशनर लागत नाही, काचेचा दरवाजा लागत नाही.

परवा आईला हे वाचून दाखवलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “एवढं झालं ना, की येत्या दिवाळीची साडी मी मेन रोडवरूनच घेणार, आणि निघताना चहा पूर्ण पिणार.”